आम्हा चौघांना दिसलं होतं

मारुती,

नाक्यावरच्या फलकावर तुझा फोटो लागलाय. हसतोयस. तो फोटो माझ्या ओळखीचा आहे, कारण मुळात तो आपल्या दोघांचा. गेल्या वर्षी बेळगुंदीच्या यात्रेत कुणीतरी काढलेला. तुझं नाव मोठ्या अक्षरांत बसवायचं म्हणून मला कापलं, पण माझा डावा हात राहून गेलाय. कोपऱ्यात ढोलकीची कड आणि तीन बोटं. मच्छेला कामाला जाताना रोज मी त्या फलकाखालून जातो. आज एकविसावा दिवस. रोज मला वाटतं, हे कुणीतरी चुकून लावलंय, संध्याकाळी परत येईपर्यंत काढलेलं असेल.

मला कळलं नाही असं नाही. मी तुझे पाय धरले होते, अल्ताफनं खांदे धरले होते आणि आम्ही तुला गाडीत ठेवलं होतं. बाराव्याचं जेवलोय मी. पण परवा मशीनवर असताना एक नवीन ठेका सुचला आणि हात पुसून मी खिशातून फोन काढला, तुला ऐकवायला. तुझं नाव दाबलं. तिकडं वहिनींनी फोन उचलला आणि मला तो ठेवताही येईना. मग त्याच म्हणाल्या, "असू दे भावजी. मलाबी होतंय तसंच."

लोक मला विचारतात, नेमकं काय झालं. मी सांगतो, अटॅक आला. तेवढ्यावर त्यांचं भागतं. तुला मात्र सगळं सांगायला पाहिजे, कारण त्या दुपारी तू होतास खरा, पण शेवटचं तुला किती कळलं ते मला माहीत नाही.

निपाणीचं ते मैदान. चार वाजले होते, कार्यक्रम सातचा. अल्ताफ स्पीकर जोडत होता, दत्तामास्तर पेटी उघडून बसले होते, मंडपवाले खुर्च्या मांडत होते. मी ढोलकीच्या दोऱ्या ताणत होतो. तू पायऱ्या चढून वर आलास आणि कडेचा बांबू धरून उभा राहिलास. मग माईकपाशी येऊन एक ओळ घेतलीस. ओळ निम्म्यात सोडून म्हणालास, "थांब रं परशा. जरा बसतो."

मी म्हणालो, "बस. गाण्यापेक्षा बसायचीच सवय लागलीया तुला आता."

तू हसलास. माझ्या ढोलकीच्या खोक्यावर बसलास आणि माझ्या खांद्यावर हात टाकलास. मला वाटलं, नेहमीसारखी चेष्टा करतोयस. मग हात जड झाला, मग डोकं खांद्यावर आलं, आणि मी मान न वळवता म्हणालो, "आरं, अंगावर काय पडतोस?"

माईक सुरू होता. माझं ते वाक्य सगळ्या मैदानावर ऐकू गेलं. खुर्च्या मांडणारी माणसं हसली. मीसुद्धा त्यांच्याकडं बघून हसलो. तू माझ्या अंगावर होतास आणि मी हसत होतो, मारुती. किती वेळ ते मला सांगता येत नाही. दोन मिनिटं असतील, की तेवढीही नसतील. मास्तरांनी पेटीवरचा हात उचलला आणि ते इतकंच म्हणाले, "परशराम, त्याच्याकडे बघ."

सव्वीस वर्षं मी तुझ्या उजव्या हाताला बसलो. त्याआधी दोन वर्षं तू माझ्या शेजारच्या मशीनवर होतास. तिथंच आपली ओळख झाली. मच्छेच्या त्या शेडमध्ये बारा लेथ एकदम सुरू असायचे, माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि तू त्या घरघरीत गायचास. ऐकू यायचं नाही, फक्त तोंड हलताना दिसायचं. एकदा दुपारी वीज गेली. बाराच्या बारा मशीन थांबल्या आणि तू गातच राहिलास, तुला कळलंच नाही. सगळी शेड उभी राहून ऐकत होती. माझ्या हातात लोखंडी डबा होता, त्यावर मी ठेका धरला. तू वळून बघितलंस. गाणं न थांबवता लय जरा वाढवलीस, मला जमतंय का ते बघायला.

तेव्हापासून तू लय वाढवायची आणि मी ती गाठायची, हे ठरूनच गेलं.

पुढं ते बांधावरच्या आईचं गाणं आलं आणि तू कुठल्या कुठं गेलास. कोल्हापुरापासून खानापुरापर्यंत प्रत्येक वरातीत, प्रत्येक टमटममध्ये तूच. बेळगुंदीला रताळी काढायला बसलेल्या बायका माझ्या मंगलला विचारायच्या, "तुझा नवरा त्यांच्यासंगं असतोय न्हवं? ते घरात कसं बोलत्यात गं?" मंगल म्हणायची, "आपल्यासारखंच बोलत्यात, आणि चहात साखर जास्त घेत्यात."

तू मोठा झालास, पण मला सोडलं नाहीस. एकदाच सोडलंस. दुसऱ्या ध्वनिफितीच्या वेळी कोल्हापूरच्या स्टुडिओवाल्यानं माझी ढोलकी काढली आणि रिदम मशीनचा ताल घातला, आणि तू होकार दिलास. मला सांगितलं नाहीस. मला ते कळलं बसस्टँडवरच्या हॉटेलात, भजी खाताना. गाणं लागलं आणि मी हात थांबवला. त्या तालात माझे हात नव्हते.

मी तुझा फोन घेणं बंद केलं. बाराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वॉचमन पळत आला, "परशा, गेटवर चल, गर्दी आवरंना झालीया." गेटवर तू उभा. पोरं फोटो काढून घेत होती, मालकाचा मुलगासुद्धा रांगेत होता. तू सगळ्यांना बाजूला केलंस आणि मला म्हणालास, "डबा आणलाईस का?" आपण शेडच्या मागं बसून माझी भाकरी अर्धी अर्धी खाल्ली. त्या गाण्याबद्दल तू एक अक्षर बोलला नाहीस. मीही बोललो नाही. पुढच्या सगळ्या गाण्यांत ढोलकी माझी होती. पण मारुती, तू होकार का दिलास ते मला विचारायचं होतं. भांडायला नाही, नुसतं विचारायला. चौदा वर्षं मी म्हणत होतो, कधीतरी निवांत विचारू.

आणि आता गेल्या दीड वर्षाचं. हे लिहायला माझा हात होत नाही.

तू पट्टी उतरवलीस. लोकांना त्यातलं कळत नाही. त्यांना गाणं तेच, शब्द तेच. पण ढोलकीवाल्याला ढोलकी गाणाऱ्याच्या सुराला लावावी लागते, त्यामुळं त्याच्यापासून ते लपत नाही. तू आयुष्यभर काळी चारमध्ये गायलास. एक दिवस मास्तरांनी पेटीवर पांढरी पाच धरली, अर्धा सूर खाली. मी बघितलं, त्यांनी नजर खाली वळवली. काही महिन्यांनी पांढरी चार. शिवाय लांब ओळीत तू मधेच श्वास घ्यायला लागलास, जिथं कधीच घेतला नव्हतास तिथं. तिथं मी दोन थापा जास्त घालायचो, म्हणजे ती फट कुणाच्या लक्षात येऊ नये. टाळ्या पडायच्या. त्या माझ्या थापांना असायच्या आणि मला त्याची लाज वाटायची.

मी तुला विचारलं होतं. संकेश्वरच्या कार्यक्रमाच्या आधी, गाडीला टेकून उभे होतो तेव्हा. "रियाज करतोस का न्हाय आताशा?"

"वय झालं रं," तू म्हणालास.

"वय मला न्हाय झालं व्हय? माझा हात बघ. उतरलाय का?"



त्यातच तू दोन गाण्यांच्या मधे बोलायला सुरुवात केलीस. तुझ्या आईच्या गोष्टी, मच्छेच्या शेडच्या गोष्टी, थोडं मराठी, थोडं कानडी. चिकोडीकडची माणसं पुढं बसलेली असली की त्यांची कानडीत थट्टा. लोक खूश. पाच पाच मिनिटं, मग दहा दहा. मी चिडत होतो. मी तुला सगळ्यांसमोर म्हणालो, "लोक तुला गाण्यासाठी बोलवत्यात, गप्पा मारायला न्हाय."

"परशा, गाणं त्यांच्या फोनात हाय. मला बघाय येत्यात ती."

"मग फोटोच लावून ठेवू की स्टेजवर."

हे मी बोललोय. चार महिन्यांपूर्वी. मला वाटत होतं तू माजलास. मला वाटत होतं, नाव झालं, आता ह्याला मेहनत नको झालीय. तुझ्या श्वासावर माझा हात चालायचा. तो श्वास तुटत होता आणि मी तुला आळशी म्हणत होतो.

दहाव्या दिवशी नदीवरून आल्यावर आम्ही तुझ्या घरी बसलो होतो. पाहुणे पांगले होते. मी, मास्तर, अल्ताफ, आणि दाराच्या चौकटीला टेकून वहिनी. त्या तोपर्यंत रडल्या नव्हत्या. लोक येत होते, फोटोला हार घालून जात होते, आणि त्या प्रत्येकाला चहा विचारत होत्या. त्यांनी मला विचारलं, "तुमी एवढं शेजारी बसत होता न्हवं भावजी? तुमास्नी कायच दिसलं न्हाय?"

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मी सांगितलं. पट्टीचं, श्वासाचं, जास्तीच्या थापांचं. तुझ्याशी काय काय बोललो तेही. शेवटी निपाणीचं ते वाक्यसुद्धा सांगितलं. सांगताना मी जमिनीकडं बघत होतो.

 मग दत्तामास्तर म्हणाले, "पट्टी मीच खाली घेतली. त्यानं मला शपथ घातली होती, परशरामला सांगायचं नाही म्हणून. मला म्हणाला, खोकल्यानं घसा बसलाय, हवा बदलली की येईल वर. मी शाळेत तीस वर्षं मुलांच्या थापा पकडल्या. ह्याची नाही पकडली. किंवा पकडायची नव्हती."

अल्ताफ भिंतीकडं तोंड करून बसला होता. तो म्हणाला, "अण्णांचे बूट चढत नव्हते पायात. पाय सुजायचे. म्हणून चपला घालून गात होते. मला म्हणले, बूट चावत्यात. आन गाडीत काच बंद करू द्यायचे न्हाईत. थंडीतबी. डिझेलचा वास सोसंना म्हणायचे." मग जरा थांबून म्हणाला, "माझी गाडी. मला तर कधी वास आला न्हाय."

वहिनी आत गेल्या आणि तीन उशा घेऊन आल्या. आमच्यापुढं एकावर एक ठेवल्या. "आडवं झालं की दम लागायचा. आधी दोन घेत हुते, मग तीन. मला म्हणले पित्त वर येतंय. मी रोज आल्याचा रस करून देत हुते." त्यांनी त्या उशांकडं बघितलं. "आल्याचा रस."

मला वय. मास्तरांना खोकला. अल्ताफला डिझेल. वहिनींना पित्त. ज्याला जे पटेल ते तू त्याला दिलंस, मारुती. आम्ही तिघं दीड वर्ष तुझ्याबरोबर एका गाडीतून फिरलो, वहिनींच्या हातचं जेवलो, आणि चौघांच्या खिशात एकेक तुकडा होता. एकदाही कुणी दुसऱ्याला दाखवला नाही. मी दाखवला असता तर? मास्तर निम्मं बोलले असते तर? ह्या प्रश्नाला आता कुणी तोंड देत नाही, पण आम्ही चौघं एकमेकांना भेटलो की तो आमच्याबरोबर बसलेला असतो.

मी वहिनींना म्हणालो, "माझं शेवटचं बोलणं तसं झालं. ते मला सोसत न्हाय."

त्या म्हणाल्या, "त्या दिशी सकाळी आमचं भांडण झालतं. साध्या कारणावरनं. ते बॅग घेऊन जाताना 'येतो' म्हणले आन मी आतनं ओ दिली न्हाय. तुमी निदान बोलत तरी हुता, भावजी."

त्यानंतर त्या परत उठल्या. तुझं स्टेजवरचं निळं जाकीट आणलं, त्याच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि मास्तरांना दिला. "हे काल सापडलं. विंग्रजीत हाय. वाचा."

शहरातल्या कॅम्प भागातल्या एका डॉक्टरची चिठ्ठी होती. मास्तरांनी चष्मा लावला, वाचली, आणि परत पहिल्यापासून वाचली. मग मराठीत सांगितलं. हृदयाची तपासणी लगेच करून घ्या. तोपर्यंत पूर्ण विश्रांती, जिने चढू नका. 'लगेच' ह्या शब्दाखाली दोन रेघा होत्या. तारीख यात्रांचा हंगाम सुरू व्हायच्या आठ दिवस आधीची. म्हणजे त्यानंतर आपण वीस-बावीस कार्यक्रम केले.

"अण्णांना ठावं होतं," अल्ताफ म्हणाला.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि फोन उघडून त्या तारखेला गेलो. मला आठवत होतंच. त्या दिवशी सकाळी अकराला तुझा फोन होता. "कुठं हाईस?" तू विचारलंस. मी म्हणालो, "मशीनवर. काय काम हाय?" तू म्हणालास, "काय न्हाय. कॅम्पात आलतो. म्हटलं, चहा घिऊया." मी म्हणालो, "आता न्हाय जमायचं, नंतर फोन कर." छत्तीस सेकंदांचं बोलणं. नंतर तू फोन केला नाहीस.

तेव्हा पहिल्यांदा मला तुझा राग आला. तोपर्यंत नुसता स्वतःचा येत होता. चहा घिऊया म्हणजे काय, मारुती? सरळ बोलता येत नव्हतं? मला डॉक्टरनं असं असं सांगितलंय, मला भीती वाटतीया, एवढं एक वाक्य. एरवी हजारो माणसांपुढं तू आईच्या आठवणीनं रडायचास, आणि खरं रडायची वेळ आली तेव्हा आल्याचा रस पीत बसलास. तुला वाटलं असेल, हंगाम गेला तर आमची घरं अडतील. तसं असेल तर तू आम्हाला ओळखलंच नाहीस. का तुला वाटलं, न गाणारा मारुती आम्हाला नको होईल? हे दुसरं खरं असेल तर ते माझ्यामुळं आहे. मीच तुला म्हणालो होतो, फोटो लावून ठेवू.

मी त्या दिवशी कुणाला न सांगता घरी निघून आलो.

बारावा झाला. चौदाव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. "अल्ताफला गाडी घिऊन बोलवलंय. मास्तरबी येत्यात. तुमी दहाला तयार ऱ्हावा. उपाशी पोटी या, चहाबी घिऊ नका."

"कुठं जायचं?"

"दवाखान्यात. तिघास्नीबी तपासून घेणार हाय मी."

मी म्हणालो, "वहिनी, मला काय बी झालं न्हाय."

"ते बी असंच म्हणत हुते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गाडी आली तेव्हा वहिनी पुढं बसलेल्या होत्या, तुझ्या जागेवर. डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी.  सव्वीस वर्षांत त्या जागेवर तुझ्याशिवाय कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मागं मास्तर, त्यांच्या शेजारी मी. आपण कार्यक्रमाला निघालोय असंच वाटत होतं, फक्त वाद्यं नव्हती. काच उघडी होती. ती वर करायचं कुणाच्या मनात आलं नाही.

दवाखान्यात आम्हाला ओळखलं. रक्त घेणारी मुलगी माझ्या हाताकडं बघून म्हणाली, "तुमी त्यांचे ढोलकीवाले न्हवं?" मी व्हय म्हणालो. तिनं सुई घालायच्या आधी जरा वेळ माझा हात नुसताच धरला. अल्ताफची साखर थोडी वाढलेली निघाली. मला काही निघालं नाही. मला त्याचा आनंद व्हायला पाहिजे होता, पण माझं सगळं जागच्या जागी आहे हे ऐकून मला चोरी केल्यासारखं वाटलं.

मास्तरांना चालत्या पट्ट्यावर चालवलं. काचेतून आम्हाला दिसत होते ते. छातीला वायरी, शर्ट काढलेला, डोळ्यांवर चष्मा तसाच. तीन मिनिटांच्या आत डॉक्टरांनी पट्टा बंद केला आणि त्यांना आडवं केलं.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, नसा बंद होत आल्यासारख्या दिसतायत, परवा दिवशीच अँजिओग्राफी करून लागतील तिथं स्टेंट घालायला हवेत. थांबून चालणार नाही. आणि त्यांनी मास्तरांना विचारलं, "छातीत कधी दुखलं नव्हतं?"

मास्तर शर्टाची बटणं लावत होते. "दुखायचं," ते म्हणाले. "मला वाटलं, पेटी उचलून दुखतंय."

तेव्हा वहिनी रडल्या. सोळा खुर्च्यांच्या त्या ओळीसमोर, सगळ्या पेशंटांच्या देखत. त्यांनी मास्तरांच्या दंडावर मुठीनं मारलं, एकदा, दोनदा, आणि म्हणत राहिल्या, "तुमी बी? मास्तर, तुमी बी?" मास्तर त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, शाळेत ज्यांच्यापुढं मुलं हाताची घडी घालून उभी राहायची असा माणूस. ते मान खाली घालून मार खात होते. "चुकलं," ते म्हणाले. "शोभाताई, चुकलं माझं." मी आणि अल्ताफनं वहिनींना धरून बसवलं. चौदा दिवसांचं सगळं त्या खुर्चीत बाहेर आलं. तुझ्या नावानं त्यांनी हाक मारली, मारुती. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

मास्तरांचं सगळं नीट पार पडलं, हे तुला सांगायचं होतं. आता घरी आहेत. पेटी उचलायची नाही असं सांगितलंय, तर उचलणार नाही पण वाजवणार म्हणतात. पुढं काय करायचं, पार्टी ठेवायची की मोडायची, ह्यावर आम्ही अजून बोललेलो नाही. तुझ्या जागी कुणी उभा राहिला तर मी कुणाच्या श्वासाकडं बघून वाजवायचं, हे मला माहीत नाही. अल्ताफनं गाडीतले स्पीकर काढलेले नाहीत. मीही दोऱ्या सैल केलेल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र मी अजून कुणाला सांगितलेली नाही. वहिनींनाही नाही.

मास्तरांना आत नेलं त्या दिवशी सकाळी सही करायला घरचं कुणी नव्हतं. त्यांची बायको जाऊन सात वर्षं झाली, मुलगी पुण्याहून निघाली होती, पण पोचायला दुपार होणार होती. सिस्टर कागद घेऊन आली आणि कानडीत विचारायला लागली, तुम्ही पेशंटचे कोण. मी आणि अल्ताफ एकमेकांकडं बघायला लागलो. वहिनी पुढं झाल्या, पेन घेतलं आणि म्हणाल्या, "तंगी." धाकटी बहीण. जराही न अडखळता. सिस्टरनं लिहून घेतलं, वहिनींनी सही केली, मास्तरांना आत नेलं.

मी तिथंच उभा राहिलो, कारण निपाणीच्या दवाखान्यातही मला हेच विचारलं होतं. डॉक्टरांनी तुला तपासून मान हलवली आणि ते तिथंच कागद भरायला बसले. मास्तर आणि अल्ताफ बाहेर वहिनींना फोन लावत होते. तुझ्यापाशी मी एकटा होतो. तुझं नाव त्यांना माहीत होतंच, तिथं तुला कोण ओळखत नव्हतं? वय सांगितलं, गाव सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही यांचे कोण?"

मी म्हणालो, "मी ढोलकी वाजवतो."

"ते कळलं. नातं काय?"

मी तुझ्याकडं बघितलं. तुझे डोळे कुणीतरी मिटले होते. माझ्या खांद्यावर तुझा घाम अजून ओला होता. मला भाऊ म्हणता आलं असतं, मित्र म्हणता आलं असतं. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. डॉक्टरांनी पेन कागदावर टेकवून थोडा वेळ वाट बघितली, मग ती जागा कोरी सोडली आणि पुढचा रकाना भरायला घेतला.